जवळचा कोण?

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माणसाला रात्री वाजणाऱ्या फोनचे भय वाटते. आमच्या वडील पिढीला तारेचे भय वाटत असे. तारेत आणि फोनमध्ये एक मोठा फरक आहे. तार आली म्हणजे जे व्हायचे ते बहुधा होऊन गेलेले असे. घरच्या माणसाच्या हाती उरे ते केवळ गाडी गाठणे. आजचा फोन मात्र काही वेळा प्रश्न घेऊन येतो, आणि त्याचे उत्तर पाच मिनिटांत द्यावे लागते.

तीन वर्षांपूर्वी असा फोन आम्हांस आला. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, फुप्फुसाच्या जुन्या विकाराने सातारा जिल्ह्यातील एका खाजगी रुग्णालयात होते. पलीकडून डॉक्टर बोलत होते. "श्वास फार कमी पडतो आहे. व्हेंटिलेटर लावायचा का? तुम्ही थोरले, तुम्ही सांगा." आम्ही दिल्लीत, सरकारी वसाहतीतील आमच्या दोन खोल्यांच्या घरात, काळोखात उभे होतो. आम्ही म्हणालो, "लावा." याहून दुसरे काही म्हणता येते, हेच त्या क्षणी आम्हांस सुचले नाही. दुसऱ्या दिवशी निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेस पकडली. अकरा दिवस यंत्र चालले आणि मग अण्णा गेले. त्या अकरा दिवसांत त्यांना एक शब्दही बोलता आला नाही.

तेराव्यानंतर, परतीच्या आदल्या रात्री, आमची धाकटी बहीण सहज बोलावे तसे बोलली. "दादा, अण्णा मला म्हणाले होते, मला पुन्हा त्या काचेच्या खोलीत नेऊ नका." तीन वर्षे अण्णांचे औषधपाणी, अंघोळ, रात्रीचे उठणे हे सर्व तिने केले होते. त्या रात्री ती रुग्णालयाच्या जिन्यातच बसलेली होती. परंतु तिला कोणी विचारले नव्हते. डॉक्टरांनी विचारले ते आम्हांस, कारण आम्ही थोरले. आणि आम्हीही तिला विचारले नव्हते.

तेव्हापासून या विषयाचा इतिहास आम्ही जमेल तसा वाचत आलो. आम्ही वैद्य नव्हे, वकीलही नव्हे. फायली चाळणे हा आमचा धंदा. एखादा प्रश्न कोठून निघाला, त्यावर कोणी काय शेरा मारला, आणि सही करण्याचा अधिकार कोणाचा ठरला, हे पाहण्याची सवय हाताला लागलेली आहे. त्याच सवयीने जे वाचले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की उपचार नाकारणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हती. आमच्या पूर्वजांना प्रायोपवेशन ठाऊक होते, जैनांना सल्लेखना ठाऊक होती. अगदी अलीकडचे सर्वश्रुत उदाहरण विनोबांचे. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारच्या आश्रमात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. थोडा उतार पडत असतानाच त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबविले. डॉक्टरांनी विनविले, पंतप्रधान इंदिरा गांधी भेटीस आल्या, परंतु विनोबांचा निश्चय ढळला नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, ऐन दिवाळीत, त्यांनी देह ठेवला. त्यांच्या आधी, १९६६ च्या फेब्रुवारीत, स्वातंत्र्यवीर सावरकरांनीही अन्न आणि औषध सोडून देहत्याग केला होता. त्या विषयावर ते १९६४ साली लिहूनही गेले होते.

या दोन पुरुषांची मते परस्परांपासून कितीही दूर असोत, एका बाबतीत त्यांची स्थिती समान होती. दोघेही शुद्धीवर होते, आणि नकार त्यांनी स्वतःच्या तोंडाने दिला. आजचा अवघड प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. ज्याला तोंडाने काही सांगता येत नाही, त्याच्या वतीने कोणी बोलायचे?

हा प्रश्न यंत्राने निर्माण केला. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडून रोगी गुदमरत होते, आणि शहरातील साथीच्या रुग्णालयात त्यांना पुरतील इतकी यंत्रे नव्हती. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने ऑगस्ट महिन्यात एक उपाय सुचविला. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालावयाची आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसात हवा भरावयाची. त्यासाठी सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने रोग्यांच्या उशाशी बसले आणि आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबीत राहिले. जे रोगी खात्रीने दगावले असते त्यांतील पुष्कळ वाचले. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम तेथे सांगतात. यंत्राला दोष देऊ पाहणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये. आज ज्या यंत्राची धास्ती वाटते, त्याचा पहिला अवतार म्हणजे जागरण करणारे माणसाचे हात होते.

परंतु हातांच्या जागी यंत्र आले, आणि यंत्र थकत नाही. पाच वर्षांतच भूलतज्ज्ञांना हा पेच जाणवू लागला. रोगी कधीच शुद्धीवर येणार नसेल, तरीही यंत्र चालवीत राहणे बंधनकारक आहे काय? हा प्रश्न त्यांनी पोप बारावे पायस यांच्यापुढे ठेवला. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोपनी उत्तर दिले की प्राणरक्षणाची साधारण साधने वापरणे हे कर्तव्य होय. असाधारण साधने वापरण्याचे बंधन नाही. धर्मपीठाचे हे उत्तर पुढे न्यायपीठांच्याही विचारात वारंवार डोकावत राहिले.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १९७५ च्या एप्रिलमध्ये कॅरेन क्विनलन ही २१ वर्षांची मुलगी बेशुद्ध पडली ती पुन्हा भानावर आली नाही. तिला श्वसनयंत्रावर ठेवण्यात आले. ते काढावे म्हणून तिच्या दत्तक आईवडिलांनी न्यायालयात धाव घेतली, आणि ३१ मार्च १९७६ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ती मुभा दिली. यंत्र काढले. आणि मुलगी स्वतः श्वास घेऊ लागली! नळीवाटे अन्न घेत ती १९८५ च्या जूनपर्यंत जिवंत राहिली. यंत्र काढणे म्हणजे प्राण घेणे, असे मानणाऱ्यांना या घटनेने विचारात पाडले. उपचार थांबविणे आणि मृत्यू घडविणे या दोन गोष्टी एक नव्हेत. मृत्यू केव्हा यावा हे न्यायालयाने ठरविले नव्हते. माणसाने आड येऊ नये एवढेच ठरविले होते.

आता आपल्या देशाकडे वळू. या प्रश्नाचा भारतातील इतिहास मुख्यतः मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात घडला. हे रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले. तेथे भारतीय डॉक्टरांनीच काम करावे, या अटीवर देणगीदारांनी पैसा दिला होता. परक्यांच्या हाताखाली राबणाऱ्या भारतीय वैद्यांना स्वतःचे घर मिळावे ही त्यामागची भावना. या घरात, तेथेच काम करणाऱ्या एका मुलीवर जे ओढवले ते सर्वांना ठाऊक आहे.

अरुणा शानबाग उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरच्या. नोकरीसाठी गाव सोडून त्या मुंबईस आल्या होत्या. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांप्रमाणे त्याही परमुलखी नोकरी करणाऱ्यांपैकीच होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर अत्याचार केला आणि कुत्र्याची साखळी गळ्याभोवती आवळली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सापडल्या. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने झालेली हानी भरून येण्यासारखी नव्हती. गुन्हेगाराला हल्ला आणि चोरी यांबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. ती भोगून तो सुटला. अरुणा मात्र त्याच रुग्णालयातील एका खोलीत पडून राहिल्या, तब्बल ४१ वर्षांहून अधिक काळ.

येथे आम्हांस विशेष वाटते ते त्या खोलीबद्दल. खाटा अडतात म्हणून त्यांना अन्यत्र हलविण्याचा विचार महापालिकेत झाला तेव्हा परिचारिकांनी आंदोलन केले आणि तो बेत सोडून द्यावयास लावला. पाळ्या बदलल्या, अधिष्ठाते बदलले, जुन्या परिचारिका निवृत्त झाल्या. परिचर्या शिकण्यास येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीची अरुणांशी ओळख करून देण्यात येई. ही आपल्यातलीच एक आहे, असे त्यांना सांगण्यात येई. अंथरुणास खिळलेल्या रोग्याच्या पाठीला जखमा होतात. चांगल्या घरांतही होतात. आमच्या घरी झाल्या होत्या. अरुणांना एवढ्या वर्षांत एकही झाली नाही, अशी नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. त्या एका वाक्यामागे किती पहाटे आणि किती हात असतील, याचा हिशेब ज्याने घरी रोगी सांभाळला आहे त्यालाच करता येईल.

दरम्यान कायद्याचे चाक फिरत होते. १८६० च्या दंडसंहितेचे ३०९ वे कलम आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास शिक्षा सांगत असे. १९८६ साली एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीही तसेच म्हटले. परंतु १९९६ च्या मार्चमध्ये, ग्यान कौर प्रकरणात, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निर्णय फिरविला. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे पीठाने सांगितले. तथापि ज्याच्या नैसर्गिक मृत्यूची प्रक्रिया सुरू झालेली आहे, त्याला प्रतिष्ठेने मरण येऊ देणे हे जगण्याच्या हक्काचेच अंग होय, असेही त्याच निकालात नमूद झाले. पुढे सर्व इमारत उभी राहिली ती या उत्तरार्धावर.

१९९८ साली पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. २००९ साली त्यांनीच सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की अरुणांना अन्न भरविणे थांबवावे आणि त्यांना शांतपणे जाऊ द्यावे. जो स्वतः न्यायालयात उभा राहू शकत नाही त्याच्या वतीने उभा राहणारा तो कायद्याच्या भाषेत वादमित्र. विराणी या अरुणांच्या वादमित्र म्हणून उभ्या होत्या. न्यायालयाने मुंबईच्या तीन नामांकित डॉक्टरांस पाठवून अरुणांची प्रत्यक्ष तपासणी करविली. त्यांनी कळविले की मेंदूची हानी कायमची आहे. परंतु मेंदू मृत झालेला नाही आणि श्वास स्वतःचा आहे. रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनी लिहून दिले की आम्हांस अरुणा हव्या आहेत, आम्ही त्यांचे शेवटपर्यंत करू.

७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. निकालपत्राचा आरंभ गालिबच्या शेराने होतो. आम्ही तेव्हा महाविद्यालयात होतो आणि वर्तमानपत्रात वाचून, अर्ज फेटाळला, एवढेच ध्यानात ठेवले होते. पुढे मूळ निकाल वाचला तेव्हा कळले की त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, इंजेक्शन देऊन मृत्यू घडविणे बेकायदाच राहील; परंतु प्राणरक्षक उपचार थांबविणे, ज्याला निष्क्रिय दयामरण म्हणतात, ते उच्च न्यायालयाच्या परवानगीने आणि तीन डॉक्टरांचे मत घेऊन करता येईल. त्या दिवसापासून या देशात हा मार्ग प्रथमच खुला झाला.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. अरुणांचे आईवडील हयात नव्हते आणि अन्य नातलगांचा आधार उरलेला नव्हता. मग त्यांच्या वतीने बोलावयाचे कोणी? न्यायालय म्हणाले की पुस्तक लिहिणाऱ्या बाईंची कळकळ खरी असली तरी अरुणांच्या वादमित्र त्या नव्हेत. वादमित्र आहेत केईएमचे कर्मचारी, कारण इतकी वर्षे रात्रंदिवस त्यांनी सांभाळ केला. पुढेमागे त्यांचे मत बदलले तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे अर्ज करावा. रक्ताचे नाते नाही, लग्नाचे नाही, गावाचे किंवा भाषेचे नाही. अंथरूण बदलण्याचे नाते आहे, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते नाते ओळखले.

यावर आक्षेप घेता येतो, आणि तो लहान नाही. सेवा करणाऱ्याला रोग्याचा लळा लागतो. तो आपल्या मायेपोटी रोग्याला अडकवून ठेवीत नसेल कशावरून? परिचारिकांना अरुणा हव्या होत्या हे खरे, परंतु अरुणांना काय हवे होते? हा प्रश्न विराणी यांनी विचारला, आणि तो विचारणारे कोणी तरी हवेच होते. त्यांचा अर्ज फेटाळला गेला तरी कायद्याचे दार त्या अर्जानेच उघडले. आम्हांस वाटते की या प्रकरणात दोन्ही बाजू अरुणांच्याच होत्या. असे प्रकरण विरळा. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेल्या. केईएमच्या परिचारिकांनी आपल्या घरचे माणूस पोहोचवावे तसे त्यांना पोहोचविले.

अरुणांना काय हवे होते, हे कोणालाच सांगता आले नाही. ही उणीव भरून काढण्याचा यत्न पुढच्या निकालाने केला. कॉमन कॉज या संस्थेने २००५ साली केलेल्या अर्जावर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला. सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या त्या पीठात न्या. खानविलकर आणि न्या. चंद्रचूड हे दोन महाराष्ट्रीय न्यायमूर्ती होते. पीठाने सांगितले की प्रतिष्ठेने मरण येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि धडधाकट असतानाच माणसाला लिहून ठेवता येईल की अमुक अवस्थेत मला अमुक उपचार नकोत. या लेखाला लिव्हिंग विल म्हणतात; आपण वैद्यकीय इच्छापत्र म्हणू.

परंतु ज्याने कधी सरकारी परिपत्रक वाचले आहे त्याला पुढचे ऐकून नवल वाटणार नाही. या इच्छापत्रावर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हवी होती. ते अमलात आणावयाचे तर रुग्णालयाचे मंडळ, मग जिल्हाधिकाऱ्याने नेमलेले मंडळ, मग न्यायदंडाधिकाऱ्याची रुग्णाला भेट, असा क्रम होता. हक्क मिळाला, पण फाइल सरकेना. अतिदक्षता विभागांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेनेच पुन्हा न्यायालयात जाऊन हे सांगितले, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने हा मार्ग सुकर केला. आता दोन साक्षीदारांसमोर सही करावयाची आणि ती नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून साक्षांकित करावयाची. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, याची एकाहून अधिक नावेही लिहिता येतात. रुग्णालयातील डॉक्टरांचे एक मंडळ आणि दुसरे मंडळ यांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावयाचे, आणि दंडाधिकाऱ्यास केवळ कळवावयाचे. पुढे २०२४ साली गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून लोकांपुढे उदाहरण घालून दिले.

राजपत्रित अधिकारी! हे शब्द वाचले तेव्हा आम्ही थबकलो. या मासिकाच्या वाचकांत कितीतरी राजपत्रित अधिकारी आहेत. गुणपत्रिकांच्या प्रतींवर, छायाचित्रांवर, जातीच्या दाखल्यांवर त्यांनी हजारो सह्या केल्या असतील. कोणी परगावचा कारकून असा एक कागद घेऊन त्यांच्या मेजापुढे उभा राहिला, तर त्यांनी त्याला परत पाठवू नये, एवढीच या लेखाची विनंती आहे.

आमचा कागद आम्ही मागील वर्षी लिहिला. आमच्या विभागातील एका वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे, ते नागपूरचे, तो घेऊन गेलो. त्यांनी पूर्ण वाचला आणि विचारले, "तुमचे वय काय?" आम्ही म्हणालो, "पस्तीस." ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "याचा एक कोरा नमुना मलाही द्या." मग सही केली.

आमच्या वतीने कोणी बोलावे, त्या जागी कोणाचे नाव घालावयाचे हा विचार आम्ही पुष्कळ दिवस केला होता. पत्नीचे नाव तर घातलेच. दुसरे नाव घातले ते आमच्या शेजाऱ्यांचे. ते तमिळ आहेत. परंतु मागल्या हिवाळ्यात आम्ही तापाने फणफणलो असता तीन रात्री आमच्या उशाशी बसले होते. अरुणांच्या निकालाचा हा आमच्यापुरता अर्थ.

राहिली आई. ती गावी असते आणि बहीण तिचे करते. गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा दोघींना समोर बसवून आम्ही आईला विचारले, तुला काय हवे, काय नको. आई प्रथम रागावली, मग हसली, आणि मग तासभर बोलत राहिली. बहिणीने ते लिहून घेतले. निघताना आम्ही तिला सांगितले की या वेळी डॉक्टरांनी फोन केला तरी आम्ही एवढेच म्हणू, "जिन्यात माझी बहीण बसली आहे, तिला विचारा."

ती म्हणाली, "दादा, तू ये मात्र."